मौआतेआवरच्या फिकट गोगलगायी

फारेआच्या खोऱ्यातली पट्टेवाली गोगलगाय कुठे जिवंत उरली आहे का ते पाहायचं, उरली असलीच तर निदान एक जोडी खाली आणायची आणि गुरुवारच्या विमानानं समुद्रापार जपायला पाठवायची, एवढ्यासाठी तीन माणसं आणि एक कुत्रा सोमवारी सकाळी मौआतेआ डोंगराकडे निघाले. आता तुम्ही म्हणाल, गोगलगायीसाठी का कुणी डोंगर चढतं? आहुनूई बेटावर चढतात. तिथे ती अंगठ्याच्या नखाएवढी गोगलगाय झाडाच्या पानावर राहते, आणि खोरं बदललं की तिचा रंग बदलतो. एका खोऱ्यातली मधासारखी पिवळी, दुसऱ्यातली जांभळट, फारेआची तपकिरी अंगावर तीन काळे पट्टे असलेली. बायका त्यांच्या शंखांच्या माळा ओवायच्या. बाजारात एखादी बाई समोरून आली की तिच्या गळ्याकडे नजर टाकायची, ती कोणत्या खोऱ्याची लेक ते कळायचं. लग्नात मुलीच्या गळ्यात ही माळ नसली तर सासरचे लोक वर्षभर टोमणे मारायचे.

गेल्या पाच वर्षांत एकाही नवरीच्या गळ्यात नवी माळ पडली नव्हती.

मोहीम होती वैतेची. एकतीस वर्षांची, काटक, फटकळ. परदेशात जाऊन याच गोगलगायींवर शिकून आली होती. तिच्याबरोबर रोओनूई, डुकरांचा शिकारी. तोंडाचा पट्टा कधी बंद नाही, पण डोंगराची वाट डोळे मिटून सांगेल. कुत्रा त्याचाच, पोपो. आणि तिसरा तिहोनी, वैतेचा सख्खा मामा. अठ्ठावन्न वर्षांचा, एक गुडघा कुरकुरणारा. त्याला न्यायला वैते तयारच नव्हती.

"मामा, गुडघा घेऊन कुठे येतोस? तुला उचलून आणायचं, की गोगलगायींना?"

"तुझी मामी माळेचे शंख कुठे वेचायची ते मला ठाऊक आहे. तुला आहे? मग गप चल."

हे खरं होतं, पण तो याच्यासाठी आला नव्हता. का आला होता ते एक त्यालाच माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी तिहोनी शेतीच्या खात्यात कामाला होता. त्या सुमारास मुठीएवढ्या परदेशी गोगलगायींनी बेटावर उच्छाद मांडला होता. अळूचे वाफे, व्हॅनिलाचे वेल, रातोरात फस्त. लोक रडकुंडीला आले. तेव्हा वरून हुकूम आला, की या मोठ्या गोगलगायींना खाणारी दुसरी एक गोगलगाय आहे, ती सोडा. फारेआच्या खोऱ्यात पेटी घेऊन गेला तो तिहोनी. चाळीस होत्या पेटीत. बोटाएवढ्या लांब, गुलाबी, तोंडाशी मिशा असलेल्या. गावानं त्याला त्या दिवशी नारळाच्या दुधातली मासळी खाऊ घातली, म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. त्या मारेकरणी मोठ्या गोगलगायी खातात हे सगळ्यांनी ऐकलं होतं. आणखी काय काय खातात, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. तिहोनीलाही नाही.

मोठ्या गोगलगायींच्या वाटेला त्या फारशा गेल्याच नाहीत. पानावरच्या बारक्या गोगलगायी त्यांना जास्त सोप्या. पानावर उमटलेल्या चिकट रेघेवर मिशी टेकवायची, रेघ धरून चालत जायचं, की दुसऱ्या टोकाला जेवण! एकेक करून खोरी रिकामी झाली. पेटी नेणारा माणूस कोण हे वैतेला माहीत नव्हतं. ती तेव्हा परदेशात होती. गावात ते सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्यापाशी कुणी बोललं नव्हतं. तिहोनीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. एक जिवंत सापडू दे, मग तिला सांगीन. हातात काही असल्याशिवाय सांगायची त्याची छाती होत नव्हती.

पहिला दिवस त्यानं त्यांना सावलीतून नेलं. फारेआचं पोरसुद्धा सांगेल, गोगलगाय हवी तर गारव्यात जा, ओढ्याकाठी, जिथे ऊन पोचत नाही. मापेच्या प्रचंड झाडांच्या मुळ्या भिंतींसारख्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मध्ये कंबरभर पाचोळा साठला होता. पाय टाकला की करकर आवाज यायचा. पहिल्यांदा रोओनूईला वाटलं वाळकी फळं आहेत. वाकून मूठभर उचललं तर रिकामे शंख. तपकिरी, तीन काळे पट्टे. रंग ओलीनं उडत चाललेला.

"बाप रे," तो म्हणाला, "इथे तर हजार माळा पडल्यात."

वैतेचं आपलं चालूच होतं. पान पालथं करायचं, पाहायचं, सोडायचं. संध्याकाळपर्यंत तिनं दोन हजार पानं तरी पालथी केली असतील. तिहोनी तिच्या मागून तीच पानं पुन्हा पालथी करत होता.

दुसऱ्या दिवशी धबधब्याच्या कड्यावरून चढायचं होतं. शेवाळलेला दगड, वरून पाण्याचा मारा, आणि धरायला वेलींखेरीज काही नाही. रोओनूई पोपोला पाठुंगळी बांधून माकडासारखा चढला आणि वरून दोर सोडला. वैते गेली. तिहोनी निम्म्यात असताना गुडघा लचकला. पाय सुटला. दोर ताठ झाला! क्षणभर तो कड्यावर नुसता लोंबकळत राहिला, नाकातोंडात पाणी.

"तिहोनीभाऊ, आंघोळ नंतर करा," वरून रोओनूई ओरडला. "आधी वर या."

खेचून घेतलं त्याला. वरच्या घळीत पोचले तर पुन्हा तेच, रिकामे शंख. आणि एका देठावर एक मारेकरीण, आरामात चाललेली. तिहोनीनं ती दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडानं ठेचली. मग दुसरी दिसली, तीही. मग तिसरी. त्याचा हात थांबेना.

"पुरे मामा," वैते म्हणाली. "किती ठेचशील?"

दुपारी नीरफणस भाजून ते बसले. रोओनूईला शांतता सोसत नाही.

"बाईसाहेब, एक विचारू? या गोगलगायींचे रंग खोऱ्याखोऱ्यात वेगळे कसे? कुणी रंगवत बसलं होतं का?"

"आधी तुझ्या डुकरांचं सांग. तुझ्या आज्याच्या वेळची डुकरं कशी होती?"

"नारळ फोडल्याचा आवाज आला की धावत यायची म्हणे. आता माझा वास लागला तरी डोंगरापलीकडे पसार."

"त्यांना शिकवलं कुणी?"

"आम्हीच की. मारून मारून."

"मेलेलं डुक्कर काय शिकणार, कपाळ? अरे, मुळात सगळी एकसारखी नव्हती. काही धीट, काही बुजरी. धीट होती ती तुमच्या भट्टीत गेली. बुजरी उरली. त्यांची पिल्लं त्यांच्यावर गेली. त्यातली जास्त बुजरी पुन्हा उरली. असं पिढ्यान्‌पिढ्या. कुणी ठरवलं नाही, कुणी शिकवलं नाही. जी टिकली त्यांचीच पोरंबाळं आज रानात आहेत. गोगलगायींचंही बरंचसं तसंच. मध्ये डोंगर, एका खोऱ्यातली दुसऱ्यात जात नाही, मग ज्या त्या खोऱ्यात जी टिकली तिचा रंग वाढला."

रोओनूईनं थोडा विचार केला. "म्हणजे माझ्या खानदानानं डुकरांना शहाणं केलं आणि आपण उपाशी राहिलं."

वैते हसली. तीन दिवसांतलं तिचं तेवढंच हसू. तिहोनी मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "मग या का नाही झाल्या शहाण्या?"

"वेळ कुठे मिळाला, मामा?" तिचा आवाज एकदम उतरला. "हजारो वर्षं यांच्या जिवावर उठेल असं काही इथे नव्हतंच. आणि ही बाई एका वेळी एकच पिल्लू देते, तेही महिना-दीड महिन्यानं. खाणारी रोज खाते. शिवाय टिकायला थोडं तरी वेगळं असलेलं कुणी आधीपासून असावं लागतं. सगळ्याच पट्टेवाल्या, सगळ्याच सावलीतल्या. संपलं."

तिहोनीनं भाजलेला फणस हातातच ठेवला.

बुधवारी सकाळी मामीच्या घळीकडची वाट दरड कोसळून बंद झालेली निघाली. मामीची घळ म्हणजे शेवटची आशा. तिथे जायचा दुसरा रस्ता एकच, मौआतेआच्या उघड्या धारेवरून. रोओनूईनं डोक्याला हात लावला. धार म्हणजे खरोखरची धार. दोन्ही बाजूंना सरळ खोल दरी, वर गुडघाभर झुडपं आणि रखरखीत ऊन. तिथे सावलीचा पत्ता नाही, म्हणून तिथे कधी कुणी गोगलगाय शोधायला गेलं नव्हतं.

"रांगत जायचं," रोओनूई म्हणाला. "खाली बघायचं नाही. पोपो, तूसुद्धा."

वारा सुटला. झुडपं आडवी झाली. वैते पुढे, मागे तिहोनी, पोटावर सरपटत. हाताखालचा दगड निसटला. किती तरी वेळानं खालून त्याचा आवाज आला! तिहोनीनं डोळे गच्च मिटले आणि झुडपाचं खोड कवटाळलं. गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. त्यानं हळूच डोळे उघडले. नाकासमोर चार बोटांवर एक पान होतं, आणि पानावर एक गोगलगाय. पांढुरकी. एकही पट्टा नाही. तिनं शिंगं बाहेर काढली आणि थोडी पुढे सरकली.

"वैते," तो कुजबुजला. वाऱ्यात ते कुणाला ऐकू जाणार? मग तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "वैते, जिवंत आहे!"

ती उलटी रांगत आली. पानाला नाक लावून शंख न्याहाळला. मग म्हणाली, "ही आपलीच आहे मामा. फारेआची. पण फिकट."

धार पुढे थोडी रुंद झाली होती आणि तिथे एक चपटा खडक होता. रोओनूईनं पाठीवरची टोपली त्यावर टेकवली. या खडकाबद्दल तिहोनीनं ऐकलेलं होतं. त्याची बायको मोएआता, सात वर्षांमागे गेलेली, लग्नाआधी मैत्रिणींबरोबर घळीतून वर येऊन इथेच माळेचे शंख निवडायला बसायची. घळीतल्या शंभरात दोन-तीन फिकट निघायच्या. माळेत त्या शोभत नाहीत. पण जिवंत गोगलगाय फेकायची नाही, असा फारेआच्या बायकांचा रिवाज. मग ती फिकट गोगलगाय उचलायची, खडकाशेजारच्या झुडपावर ठेवायची आणि म्हणायचं, तू आमच्या कामाची नाहीस, बाई, राहा सुखानं. मोएआता लग्नानंतर करपलेल्या नीरफणसालासुद्धा तेच म्हणायची.

त्यानं हे वैतेला सांगितलं.

वैते खडकावर बसून झुडपं न्याहाळत होती. "पट्टेवालीचा शंख उन्हात तापतो, ती इथे मरते," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "फिकट तेवढी तापत नाही. आणि मारेकरणीला ऊन सोसतच नाही." ती सावलीच्या कडेपर्यंत उतरून पाहून आली. सहा पावलांवर, जिथे झाडी सुरू होते तिथे, दोन मारेकरणी पानाखाली दडून बसल्या होत्या. उन्हात यायची त्यांची हिंमत नव्हती.

सगळी धार धुंडाळली. अकरा सापडल्या. अकराच्या अकरा फिकट. पट्टेवाली एकही नाही. मामीची घळही पाहिली, तिथे फक्त शंख. वैतेनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. ज्या गोगलगायीसाठी ती आली होती ती या जगात उरलेली नव्हती. तिनं डोळे पुसले, लपवायच्या भानगडीत न पडता पुसले.

आत्ता सांगावं, असं तिहोनीला वाटलं. तोंड उघडलंही. पण वैते एकेक फिकट गोगलगाय इतक्या हलक्या हातानं उचलून पाहत होती, की त्याचा धीर सुटला.

"सापडतील त्या सगळ्या पाठव म्हणून तिकडच्या लोकांनी सांगितलंय मला," ती म्हणाली. "पण सगळ्या नाही नेत. सहा नेते, पाच इथे राहू देत."

ओली पानं घातलेल्या लाकडी पेटीत तिनं सहा ठेवल्या.

"पेटी मी घेतो," तिहोनी म्हणाला.

"गुडघा?"

"मी घेतो म्हटलं ना."

उतरताना दुपारी डोंगरमाथ्यावर ढग फुटला. ते ओढा ओलांडायच्या जागेपाशी पोचेतो पाणी गढूळ झालं होतं आणि मांडीला लागत होतं. थांबावं तर मागे दरड, आणि संध्याकाळपर्यंत पाणी वाढतच जाणार. रोओनूई दोर घेऊन पलीकडे गेला, झाडाला बांधला. वैते दोर धरून निघाली. मागे तिहोनी, एका हातात दोर, दुसऱ्या हातानं डोक्यावर पेटी.

वरून ओंडका आला. कुणाला दिसलाच नाही! तो दोरावर आदळला. दोर तुटला. वैते पाण्याखाली गेली. तिची वेणी दिसली, मग हात. हात तिहोनीच्या अगदी जवळून वाहत चालला होता. त्याचा डावा हात एका खडकाच्या खाचेत अडकलेला, उजव्यात पेटी. विचार करायला वेळ नव्हता. त्यानं पेटी सोडली. मनगट धरलं.

रोओनूई पुन्हा पाण्यात उतरला आणि दोघांना ओढून काठावर टाकलं. पोपो काठानं भुंकत खूप लांबपर्यंत पेटीमागे धावला आणि परत आला.

वैते ओकली, खोकली, श्वास घेतला. मग तिनं मामाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. तिहोनी चिखलात बसला होता.

"मी आयुष्यात दोन पेट्या सोडल्या, पोरी," तो म्हणाला. "पहिली फारेआत. नऊ वर्षांपूर्वी. त्या चाळीस मीच आणल्या होत्या."

तिला समजायला वेळ लागला. पाण्याचा आवाज मोठा होता.

"तू उघडलीस?"

"उघडली नुसती नाही. झाकण काढून ओतायला सांगितलं होतं. मला वाटलं लागेल त्यांना. म्हणून मी एकेक उचलून पानावर ठेवली."

वैतेनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. तिहोनीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. रोओनूई आपली पाठीवरची टोपली रिकामी करून चिखल झाडू लागला.

"पाऊस थांबला की मी जातो वर," अखेर रोओनूई म्हणाला. "एकटा. धावत जाईन. उरलेल्या पाच..."

तो थांबला. टोपलीच्या बुडाला, वेताच्या खाचेत, नखाएवढं काहीतरी गुलाबी चिकटलं होतं. मारेकरणीचं पिल्लू. मंगळवारच्या घळीतून आलेलं. म्हणजे सकाळी धारेवर, त्या खडकावर, टोपली टेकवली तेव्हाही ते तिथेच होतं.

तिघांनी मिळून प्रत्येक पिशवी उलटी केली, बुटांचे तळवे खरवडले, पोपोचे पंजेसुद्धा बोटानं साफ केले. आणखी एकही सापडलं नाही. पण वर कुठे एखादं गळून पडलं असेल की नाही, ते कोण सांगणार?

"कुणीही वर जायचं नाही," वैते म्हणाली. "तू नाही, मी नाही, मामा नाही. विमान जाऊ दे. मी कळवीन, पट्टेवाली संपली. आणि त्या पाचांबद्दल कुणाला सांगणार नाही. कळलं की लोक येतील, लोक आले की त्यांच्या टोपल्या येतील."

"मग त्यांना कोण सांभाळणार?" रोओनूईनं विचारलं.

"ऊन."

उरलेल्या वाटेत ती पुढेच चालत राहिली. तो चार पावलं मागे लंगडत राहिला. खाली शेवटच्या निसरड्या उतारावर मात्र ती थांबली, मागे न पाहता हात मागे केला. त्यानं तो धरला. खाली पोचल्यावर तिनं सोडला.

पुढच्या रविवारी चर्चमधून परतताना तिहोनी तिच्या दारात आला आणि पारेओच्या कापडात गुंडाळलेली मोएआताची माळ तिच्यासमोर ठेवली. तीनशे बारा शंख, सगळे पट्टेवाले. वैतेनं ती बोटांतून एकदा सगळी फिरवली. एकही फिकट नव्हता.

"मामीची निवड फार चोख होती," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "नको त्या वर ठेवून आली."

तिनं माळ गळ्यात घातली नाही, परतही दिली नाही. "कॉफी घेणार?" म्हणाली, आणि आत गेली.

तिहोनी घरी अळू लावतो, पण आता त्याचं पावसाशी जमत नाही. अळूवाल्याला पाऊस हवा असतो, आणि जन्मभर तो सकाळी उठून मौआतेआकडे पाहायचा ते ढग आलेत का म्हणून. अजून पाहतो. माथ्यावर ढग टेकले असले की दिवसभर त्याचा कशात जीव लागत नाही. धार लख्ख उन्हात असली तर तो खुशीनं वाफ्याला घागरीनं पाणी घालतो.